नॅलॉक्सोन दुसऱ्याच्या हाती देताना: अमेरिकेतला कायदा काय म्हणतो

निर्झरा

गेल्या आठवड्यात आमच्या प्रशिक्षणाला आलेल्या एका बाईंनी जाताना नॅलॉक्सोनचा, म्हणजे ओपिऑइडच्या अतिमात्रेवर उतारा असलेल्या औषधाचा, डबा टेबलावर परत ठेवला. दीड तास त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, सरावाचा स्प्रे हातात घेऊन पाहिला होता, प्रश्नही नेमके विचारले होते. परत का ठेवलात म्हटल्यावर म्हणाल्या, "हे औषध माझ्या नावावर नाही. उद्या पोलिसांनी पर्स उघडली तर मी काय सांगू?" त्यांच्या भाच्याला फेंटानिलचं व्यसन आहे आणि तो त्यांच्याच घरी राहतो.

मी सहा वर्षं अमेरिकेत एका छोट्या गटाबरोबर हे औषध वाटते आहे. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण त्या बाई डबा ठेवून गेल्या तो केवळ कायद्याच्या भीतीने, ही गोष्ट मनातून जाईना. या मंचावर अमेरिकेत राहणारे बरेच जण आहेत, वकील आणि फार्मासिस्टही आहेत. मला जे ठाऊक आहे ते मांडते, चुकलं तर दुरुस्त करा.

औषधाबद्दल आधी थोडं. हेरॉइन, मॉर्फिन, ऑक्सिकोडोन, फेंटानिल ही सगळी ओपिऑइड. मेंदूतल्या ठरावीक ग्राहींना (रिसेप्टर) ती चिकटतात आणि मात्रा जास्त झाली की श्वास मंदावत जाऊन थांबतो. मृत्यू येतो तो श्वास थांबल्यामुळे. नॅलॉक्सोन त्या ग्राहींवरून ओपिऑइडला हुसकून स्वतः तिथे बसतं आणि दोन-तीन मिनिटांत श्वास परतू शकतो. अंगात ओपिऑइड नसेल तर काहीच परिणाम होत नाही. नशा नाही, सवय नाही. १९७१ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, त्याला मान्यता दिली आणि १९८३ पासून ते जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. म्हणजे औषध जुनं आहे, सुरक्षित आहे आणि रुग्णालयांत पन्नास वर्षांपासून वापरात आहे.

अडचण कायद्याच्या रचनेत होती. प्रिस्क्रिप्शनचा कायदा असं धरून चालतो की डॉक्टर एका माणसाला तपासतो, त्याच्या नावाने चिठ्ठी लिहितो, आणि औषध तोच माणूस घेतो. इथे ज्याला औषध हवं तो बेशुद्ध असतो, ओठ निळे पडलेले असतात. तो स्वतःला औषध देऊच शकत नाही. ते द्यायचं शेजारी उभ्या असलेल्या माणसाने: आईने, खोलीतल्या जोडीदाराने, बऱ्याचदा त्याच्याबरोबर नशा करणाऱ्याने. आणि तो माणूस डॉक्टरचा रुग्ण नसतो. औषध ज्याच्या नावावर त्याच्या हातून ते दिलं जाणार नाही, आणि ज्याच्या हातून दिलं जाणार त्याच्या नावावर ते मिळणार नाही. गेल्या पंचवीस वर्षांत इथे जे कायदे झाले ते याच कोड्यावर काढलेले वेगवेगळे मार्ग आहेत.

सुरुवात कायद्याने झालीच नाही. १९९६ मध्ये शिकागोत डॅन बिग आणि शिकागो रिकव्हरी अलायन्सच्या लोकांनी नशा करणाऱ्यांच्याच हातात नॅलॉक्सोन द्यायला सुरुवात केली, तेव्हा त्याला स्पष्ट परवानगी देणारा कायदा कुठल्याही राज्यात नव्हता. पहिला आला २००१ मध्ये न्यू मेक्सिकोत. डॉक्टरला हे औषध देणं सोपं झालं आणि सामान्य माणसाने ते वापरलं तर त्याला संरक्षण मिळालं. २०१७ पर्यंत पन्नासही राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये कुठला ना कुठला नॅलॉक्सोन कायदा आलेला होता. सीडीसीच्या (रोगनियंत्रणाच्या संघीय संस्थेच्या) एका अहवालात १९९६ ते जून २०१४ या काळाचे आकडे आहेत. वाटप करणाऱ्या संस्थांनी दीड लाखाहून अधिक सामान्य लोकांना किट दिली आणि त्यांच्याकडे २६,४६३ वेळा प्राण वाचल्याची नोंद आली. यातली बरीच वर्षं बहुतेक राज्यांत कायदा एक तर नव्हता किंवा संदिग्ध होता. ज्यांनी तेव्हा डबे पिशवीत घालून वाटले, त्यांचं ऋण फार मोठं आहे.

आता त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. नॅलॉक्सोन नियंत्रित पदार्थ नाही. संघीय नियमांत अफूजन्य पदार्थांच्या यादीतून त्याला नाव घेऊन वगळलेलं आहे. अमली पदार्थांवर नजर ठेवणाऱ्या डीईएचा त्याच्याशी संबंध नाही. ते पर्समध्ये बाळगणं हा गुन्हा नाही. मी त्यांना फोन करून हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "लेखी द्याल?" म्हणून हा धागा जरा नीट, तपशिलात व्हावा अशी इच्छा आहे.

औषधी

निर्झराताई, फार गरजेचा धागा. मी फार्मासिस्ट आहे आणि काउंटरवर रोज या प्रश्नांना तोंड देते.

आता सगळ्यांना वाटतं की २०२३ नंतर नॅलॉक्सोन दुकानात मोकळं मिळायला लागलं, मग कायद्याची चर्चा कशाला. हे अर्धंच खरं आहे. २९ मार्च २०२३ रोजी एफडीएने ४ मिलीग्रॅमच्या नारकॅन (नॅलॉक्सोनचाच एक ब्रँड) स्प्रेला विनाचिठ्ठी विक्रीची परवानगी दिली. त्याआधी फेब्रुवारीत सल्लागार समितीने १९ विरुद्ध शून्य असं मत दिलं होतं. जुलैमध्ये ३ मिलीग्रॅमच्या एका स्प्रेलाही परवानगी मिळाली. पण इंजेक्शनची कुपी, आणि ८ मिलीग्रॅमचा स्प्रे, हे अजूनही प्रिस्क्रिप्शनचेच आहेत.

आणि रस्त्यावर वाटप करणाऱ्या संस्थांना परवडते ती कुपीच. विनाचिठ्ठी स्प्रे बाजारात आला तेव्हा दोन मात्रांच्या डब्याची किंमत साधारण ४५ डॉलर होती. आठवड्याला शंभर डबे वाटणाऱ्या गटाने काय करायचं? त्यामुळे 'स्टँडिंग ऑर्डर' संपलेली नाही. हा शब्द माहीत नसलेल्यांसाठी: डॉक्टर (किंवा राज्याचा आरोग्य अधिकारी) एका विशिष्ट रुग्णाचं नाव न लिहिता आदेशावर सही करतो, की अमुक निकषांत बसणाऱ्या कोणालाही हे औषध द्यावं. फार्मासिस्ट किंवा प्रशिक्षित कार्यकर्ता त्या आदेशाखाली ते देतो. पेनसिल्व्हेनियात २०१५ मध्ये तेव्हाच्या फिजिशियन जनरल (राज्य सरकारच्या वरिष्ठ वैद्यकीय अधिकारी) रेचल लिव्हाइन यांनी संपूर्ण राज्यासाठी अशी ऑर्डर काढली होती.

अजून एक: विमा. चिठ्ठीशिवाय घेतलेल्या औषधाचे पैसे विमा कंपनी बहुतेक वेळा देत नाही. म्हणून मी दुकानात येणाऱ्याला आधी विचारते, तुमचा विमा आहे का? असेल तर तोच स्प्रे स्टँडिंग ऑर्डरखाली प्रिस्क्रिप्शन म्हणून नोंदवते. कित्येकांना मग खिशातून काहीच द्यावं लागत नाही. शेल्फवरून उचलून थेट पैसे भरू नका, आधी काउंटरवर या.

राघू

छान माहिती. माझा प्रश्न सरळ आहे. आम्ही काही मित्र मिळून आमच्या भागात वाटप सुरू करायचं म्हणतोय. संस्था नोंदवलेली आहे, प्रशिक्षण झालं आहे. विकत घ्यायला गेलो तर घाऊक विक्रेता परवाना मागतो. आम्ही काही औषधाचं दुकान नाही. कसा मिळवायचा हा परवाना?

निर्झरा

राघू, आम्ही याच भिंतीवर डोकं आपटलं होतं. तो परवाना तुम्हाला बहुधा लागत नाही, पण विक्रेत्याला ते पटवावं लागतं.

औषधांच्या पुरवठा साखळीसाठी एक संघीय कायदा आहे. बनावट औषध बाजारात येऊ नये म्हणून कोण कोणाला विकू शकतो आणि नोंदी कशा ठेवायच्या ते त्यात आहे. हेतू चांगला आहे, पण वाटप करणाऱ्या संस्था त्यातल्या कुठल्याच चौकटीत बसत नव्हत्या. मग सप्टेंबर २०२२ मध्ये एफडीएने मार्गदर्शक सूचना काढली की, ओपिऑइडच्या सार्वजनिक आरोग्य आणीबाणीच्या काळात, मान्यताप्राप्त नॅलॉक्सोन अशा कार्यक्रमांना देताना त्या कायद्यातल्या काही अटी लागू होणार नाहीत. ती आणीबाणी ऑक्टोबर २०१७ मध्ये जाहीर झाली आणि ९०-९० दिवसांनी वाढवत न्यावी लागते. म्हणजे सवलत आणीबाणीवर टांगलेली आहे, हे लक्षात ठेवा.

विक्रेत्याकडे जाताना त्या सूचनेची प्रत, राज्याच्या नॅलॉक्सोन कायद्यातलं कलम आणि तुमच्या डॉक्टरची सही असलेली स्टँडिंग ऑर्डर एकत्र घेऊन जा. आम्हाला दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसऱ्याने कागद वाचले आणि खातं उघडलं.

आणि राघू, डॉक्टर एकच ठेवू नका. आमच्या ऑर्डरवर सही करणारे डॉक्टर निवृत्त झाले आणि नवीन सही मिळेपर्यंत पाच आठवडे वाटप बंद पडलं. कपाट भरलेलं आणि त्याला कुलूप. त्या पाच आठवड्यांत आमच्या ओळखीतले दोघे गेले. डबा हातात असता तर वाचलेच असते असं मी म्हणणार नाही, पण तेव्हापासून आमच्याकडे दोन डॉक्टरांच्या सह्या असतात आणि मुदत संपण्याच्या तीन महिने आधी मी आठवण करते.

कलमवाचक

मी वकिली करतो, या विषयात थोडं काम केलं आहे. हा व्यक्तिगत सल्ला नव्हे. तुमच्या राज्याचं कलम स्वतः वाचा, ती एक-दोन पानांचीच असतात.

लोक 'नॅलॉक्सोन कायदा' आणि 'गुड समॅरिटन कायदा' यांत गल्लत करतात. पहिला औषधाबद्दल आहे: कोण लिहून देऊ शकतो, कोण वाटू शकतो, कोण टोचू शकतो, आणि काही बिघडलं तर कोणावर दावा किंवा खटला होऊ शकत नाही. दुसरा घटनास्थळाबद्दल आहे: ओव्हरडोस (अतिमात्रा) झाला म्हणून ९११ या आपत्कालीन क्रमांकाला फोन केला, पोलीस आले, आणि टेबलावर पुडी पडलेली असली तर काय. पहिल्याची सुरुवात न्यू मेक्सिकोत २००१ मध्ये, दुसऱ्याचीही न्यू मेक्सिकोतच, पण २००७ मध्ये.

पहिल्यातलं संरक्षण बहुतेक राज्यांत भक्कम आहे. सद्भावनेने दिलं असेल तर दिवाणी आणि फौजदारी दोन्ही जबाबदारीतून मोकळीक असते, अपवाद घोर निष्काळजीपणाचा किंवा जाणूनबुजून केलेल्या कृत्याचा. शब्द मात्र राज्याराज्यांत वेगळे. काही ठिकाणी संरक्षण डॉक्टरला आणि औषध देणाऱ्याला आहे, पण 'संस्था' असा उल्लेखच नाही. काही ठिकाणी प्रशिक्षण घेतलेलं असणं ही अट आहे. राघू, तुमच्यासाठी हे महत्त्वाचं: वाटताना प्रशिक्षण झाल्याची नोंद ठेवा, पण नावं गोळा करू नका. कायदा बहुधा संख्या मागतो, ओळख मागत नाही. आणि नाव विचारलं की माणूस निघून जातो.

दुसऱ्या कायद्यातलं संरक्षण लोक समजतात त्यापेक्षा खूप अरुंद आहे. साधारणपणे ते स्वतःपुरत्या थोड्या अमली पदार्थासाठी असतं. विक्री त्यात येत नाही. आधीचं अटक वॉरंट निघालेलं असेल तर ते तसंच राहतं. प्रोबेशनवर (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली) असलेल्याला काही राज्यांत संरक्षण आहे, काही राज्यांत नाही. आणि बऱ्याच राज्यांत असा कायदा आहे की तुम्ही दिलेल्या पदार्थाने कोणी मेलं तर तुमच्यावर मनुष्यवधाचा खटला होऊ शकतो. दोघं मित्र एकत्र नशा करतात, पुडी एकाने आणलेली असते, दुसरा निपचित पडतो. त्या क्षणी पहिल्याच्या मनात हेच येतं. एका हाताने कायदा सांगतो फोन कर, दुसऱ्या हाताने सांगतो की फोन केलास तर वीस वर्षं आत. माझ्या मते या एका विसंगतीने जितके फोन रोखले असतील तितके दुसऱ्या कशाने रोखले नसतील.

वाटसरू_७

कलमवाचक सर, मी वर्क व्हिसावर आहे. आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहात डबे ठेवलेत आणि स्वयंसेवक हवेत. व्हिसावर असताना हे करणं धोक्याचं आहे का?

कलमवाचक

वाटसरू, नॅलॉक्सोन बाळगणं, देणं, शिकवणं यात गुन्हा नाही. विनाचिठ्ठीचा स्प्रे तर तापाच्या गोळीसारखाच दुकानात मिळतो. त्यामुळे स्वयंसेवक व्हायला घाबरू नका.

सावध राहायचं ते वेगळ्या ठिकाणी. गुड समॅरिटन कायदा राज्याचा असतो आणि तो राज्याच्या खटल्यापुरता बांधील असतो. संघीय सरकार आणि इमिग्रेशन त्याने बांधलं जात नाही. म्हणजे जो स्वतः नशा करतो आणि नागरिक नाही, त्याला ती ढाल पुरी पडेलच असं नाही. अशा माणसाने इमिग्रेशनच्या वकिलाला विचारावं. पण जीव वाचवायचा क्षण असेल तर फोन करावाच, हे मी वकील म्हणूनही सांगेन.

सावली

मी फक्त वाचत असते, लिहीत नाही. आज लिहिते.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. नव्वद दिवस उपचार केंद्रात होता, पुढच्या शुक्रवारी घरी येतोय. तिथून फोन आला की घरी नॅलॉक्सोन ठेवा. मी म्हटलं, तो तर आता बरा झालाय ना? हे घरात ठेवणं म्हणजे त्याच्यावर विश्वास नाही असं सांगितल्यासारखं नाही का होणार? माझे यजमानही तेच म्हणतात. आणि तो आता सज्ञान आहे, त्याच्या परवानगीशिवाय मी त्याला औषध दिलं तर ते कायद्यात बसेल का, हेही कळत नाही.

औषधी

सावलीताई, घरी ठेवाच. नव्वद दिवस काहीच न घेतल्याने त्याच्या शरीराची ओपिऑइड पेलायची सवय उतरलेली असते. आधी जी मात्रा त्याला काहीच करत नव्हती तीच आता श्वास थांबवू शकते. उपचारातून बाहेर आल्यानंतरचे आणि तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे सगळ्यात जोखमीचे असतात. याचा अर्थ तो पुन्हा घेणार असा नाही. शरीर असं वागतं, एवढाच.

वापरायचं कसं ते लिहून ठेवते. हाक मारा, हलवा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा. प्रतिसाद नसेल तर ९११ ला फोन, एका नाकपुडीत एक स्प्रे, आणि शिकला असाल तर तोंडाने श्वास द्या. दोन-तीन मिनिटांत काही झालं नाही तर दुसऱ्या नाकपुडीत दुसरा. शुद्धीवर आला की त्याला एकटं सोडू नका. नॅलॉक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटं टिकतो आणि ओपिऑइड त्याहून जास्त वेळ अंगात राहू शकतं. औषध उतरलं की माणूस पुन्हा बुडू शकतो.

कलमवाचक

सावलीताई, परवानगीबद्दल: बेशुद्ध माणूस संमती देऊ शकत नाही, आणि जीव धोक्यात असताना त्याची संमती आहे असंच कायदा धरतो. त्यात तुमच्या राज्यातला नॅलॉक्सोन कायदा तुम्हाला वेगळं संरक्षण देतोच. आईने मुलाला वाचवायला स्प्रे मारला म्हणून कोणी आईला न्यायालयात खेचणार नाही. काळजी करू नका.

निर्झरा

सावलीताई, विश्वासाबद्दल मला जे दिसलं ते सांगते. आमच्याकडे येणारी मुलं स्वतःच सांगतात की घरच्यांनी डबा ठेवला तेव्हा त्यांना हायसं वाटलं. तो आला की लपवू नका. त्याच्यासमोरच ठेवा, त्यालाच विचारा की कुठे ठेवायचा. आणि यजमानांना एकदा प्रशिक्षणाला पाठवा, सगळं मिळून तासाभराचं काम असतं.

उत्तररंग

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मी कोणालाही दुखावण्यासाठी लिहीत नाही. माझा सख्खा चुलतभाऊ या व्यसनात गेला. तरीही मनात प्रश्न येतो, की औषध इतके सहज हाताशी असेल तर माणूस अधिक बेफिकीर होणार नाही का? "काही झालेच तर स्प्रे आहे" असे म्हणत तो आणखी पुढे जाणार नाही का? कायद्याने ही दारे उघडताना याचा विचार केला आहे का?

निर्झरा

उत्तररंग, तुमच्या भावाबद्दल वाचून वाईट वाटलं. प्रश्न रास्त आहे आणि तो कायदेमंडळांत प्रत्येक वेळी विचारला गेला आहे.

माझं उत्तर अनुभवातून. नॅलॉक्सोन मिळालेला माणूस सुखाने जागा होत नाही. अंगातलं सगळं ओपिऑइड एका क्षणात निष्प्रभ होतं आणि त्याला घाम, उलट्या, थरथर, असह्य अंगदुखी सुरू होते. नशा करणारा ज्या अवस्थेला सगळ्यात जास्त भितो तिथेच हे औषध त्याला नेऊन टाकतं. ते पुन्हा अनुभवायची तयारी ठेवून कोणी जास्त घेतं, असं मी तरी पाहिलेलं नाही.

अभ्यासांबद्दल बोलायचं तर मॅसॅच्युसेट्समधल्या १९ समुदायांचा एक अभ्यास २०१३ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. जिथे प्रशिक्षण आणि वाटप सगळ्यात जास्त झालं तिथे ओपिऑइड ओव्हरडोसचा मृत्युदर, वाटप नसलेल्या काळाच्या तुलनेत, ४६ टक्क्यांनी कमी होता. उलट दिशेचा निष्कर्ष काढणारा एक अर्थशास्त्रीय अभ्यासही आहे, तो लपवत नाही. त्याच्या पद्धतीवर पुष्कळ आक्षेप घेतले गेले. दोन्ही वाचा.

आणि मेलेला माणूस उपचाराला जात नाही. मला यापुढचा युक्तिवाद सुचत नाही.

उत्तररंग

उलट्या आणि अंगदुखीची बाजू मला खरोखर ठाऊक नव्हती. विचार करतो. धन्यवाद.

थेम्सकाठ

ब्रिटनमधून लिहिते. इथला मार्ग वेगळा निघाला, तो तुलनेसाठी सांगते. इथे २००५ मध्येच नॅलॉक्सोनचं इंजेक्शन अशा यादीत घातलं गेलं की जीव वाचवण्यासाठी ते कोणीही टोचू शकतो. म्हणजे अमेरिकेला जी 'वापरणाऱ्याची' अडचण होती ती आधी सुटली. पण औषध घरी नेऊन ठेवायचं तर प्रिस्क्रिप्शन हवंच होतं! वापरायची मुभा, मिळवायची नाही. १ ऑक्टोबर २०१५ पासून व्यसनमुक्ती सेवांना ते चिठ्ठीशिवाय कोणालाही देता येऊ लागलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये यादी वाढवून पोलीस, परिचारिका, प्रोबेशन अधिकारी वगैरेंनाही घरी न्यायला देता येईल अशी तरतूद झाली.

स्कॉटलंडचं विशेष. कोविडमध्ये सेवा केंद्रं बंद झाली तेव्हा तिथल्या लॉर्ड अ‍ॅडव्होकेटनी (खटले भरणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांनी) २०२० मध्ये धोरण जाहीर केलं की सरकारकडे नोंदलेल्या सेवांच्या माणसांनी नॅलॉक्सोन दिलं तर खटला भरला जाणार नाही. कायदा तोच राहिला, खटला कोणावर भरायचा नाही ते ठरलं. मला हा मार्ग फार आवडला. कायदा बदलायला वर्षं लागतात.

कलमवाचक

थेम्सकाठ, अगदी योग्य उदाहरण. त्यातली उणीवही सांगतो. खटला न भरण्याचं धोरण ज्या अधिकाऱ्याचं असतं, पुढचा अधिकारी ते मागे घेऊ शकतो. कायद्यातलं कलम मागे घ्यायला सभागृह लागतं. म्हणून धोरणाने सुरुवात करावी, पण तिथेच थांबू नये.

मेपलपान

कॅनडा: २२ मार्च २०१६ पासून रुग्णालयाबाहेरच्या आपत्कालीन वापरासाठी नॅलॉक्सोन प्रिस्क्रिप्शनच्या यादीतून काढलं. मे २०१७ मध्ये गुड समॅरिटन कायदा आला आणि तो संघीय आहे, त्यामुळे प्रांताप्रांतात वेगळा नाही. स्वतःजवळ अमली पदार्थ बाळगल्याच्या साध्या प्रकरणात प्रोबेशन किंवा पॅरोलची अट मोडल्याचा आरोपही त्यात झाकला जातो. विक्री आणि आधीचं वॉरंट नाही झाकलं जात, तिथे आम्हीही अमेरिकेसारखेच.

दक्षिणगोल

ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी २०१६ पासून फार्मासिस्ट चिठ्ठीशिवाय देऊ शकतो. पण लोक काउंटरवर मागायला लाजत होते आणि पैसेही पडत होते. परवानगी मिळून वापर फारसा वाढला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये काही राज्यांत मोफत देण्याचा प्रयोग झाला, आणि १ जुलै २०२२ पासून तो देशभर आहे: चिठ्ठी नको, पैसे नकोत. मी हे लिहितोय कारण धाग्यात सगळा भर परवानगीवर आहे. आमच्याकडे परवानगीनंतर सहा वर्षांनी ते देशभर मोफत झालं.

औषधी

दक्षिणगोल, शंभर टक्के सहमत. इथेही २०२१ मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या ओपिऑइड तडजोडीतून (तीन घाऊक वितरक आणि एक उत्पादक कंपनी, मिळून सुमारे २६ अब्ज डॉलर) राज्यांना पैसा मिळतो आहे, आणि तो कशावर खर्चावा याच्या यादीत नॅलॉक्सोन अगदी वर आहे. राघू, तुमच्या काउंटीकडे हा पैसा कुठे गेला ते विचारा. त्यावर बैठका होतात आणि त्या बहुतेक खुल्या असतात.

कोणता स्प्रे घ्यायचा यावरही थोडं. ८ मिलीग्रॅम म्हणजे दुप्पट चांगलं असं नाही. न्यूयॉर्कच्या राज्य पोलिसांनी ४ आणि ८ मिलीग्रॅमचे दोन्ही स्प्रे वापरले, त्याचा अहवाल २०२४ मध्ये सीडीसीने छापला. वाचण्याचं प्रमाण सारखंच निघालं, पण ८ वाल्यांना उलट्या आणि बाकीचा त्रास जास्त झाला. पैसा देणारे लोक मोठा आकडा बघून भुलतात, त्यांना हे दाखवा.

राघू

खूप मदत झाली सगळ्यांची. आमच्या राज्याचं कलम काढून वाचलं. दीड पान आहे खरंच. 'संस्था' शब्द आहे त्यात. एक शंका: किटमध्ये कुपीबरोबर सुई-सिरिंज घालतो. ती 'नशेचं साहित्य' ठरणार नाही ना?

कलमवाचक

चांगलं पकडलंत. बऱ्याच राज्यांत नशेच्या साहित्याचा जुना कायदा आहे आणि सिरिंज त्यात येऊ शकते. काही राज्यांनी नॅलॉक्सोन किटमधली सिरिंज वगळली आहे, काहींनी फेंटानिल तपासायच्या पट्ट्याही आता वगळल्या आहेत. तुमच्या राज्यात दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचा. शंका राहिली तर स्नायूत टोचायच्या सुया कुपीसह एकाच सीलबंद पाकिटात ठेवा, वर स्टँडिंग ऑर्डरची प्रत आणि वापराचं पत्रक. सुट्या सुया पिशवीत नकोत.

निर्झरा

त्या बाई परवा पुन्हा आल्या होत्या. मी या धाग्यातल्या कलमवाचक सरांच्या आणि औषधीताईंच्या प्रतिसादांची इंग्रजी टिपणं काढून, राज्याच्या कलमाची प्रत जोडून दिली. त्यांनी ती चष्मा लावून उभ्यानेच पूर्ण वाचली. मग दोन डबे मागितले. एक घरी, एक गाडीत. गाडीत उन्हाळ्यात ठेवू नका असं मी सांगितलं, तर म्हणाल्या मग पर्समध्येच ठेवते.

औषधी

बरोबर सांगितलंत. घरातल्या तापमानाला ठेवायचं, तापलेल्या गाडीत दिवसचे दिवस नाही. आणि तारीख बघा. नारकॅन स्प्रेची मुदत जानेवारी २०२४ पासून नव्याने तयार होणाऱ्या डब्यांसाठी चार वर्षं झाली आहे, पण जुन्या डब्यावर छापलेली तारीखच धरायची. मुदत संपलेला वाटू नका. दुसरा नसेल आणि समोर माणूस पडला असेल तर मात्र तोच मारा.

सावली

मुलगा शुक्रवारी घरी आला. निर्झराताईंनी सांगितल्याप्रमाणे डबा त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, कुठे ठेवू? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, डबा कुठेही ठेव, पण बाथरूमची आतली कडी काढून टाक. दार बंद असलं तर तुला कळणारच नाही." यजमानांनी त्याच संध्याकाळी कडी काढली. आता आम्ही सगळे आत जाण्याआधी हाक मारतो. डबा बेसिनवरच्या फडताळात आहे, धाकटीलाही दाखवून ठेवलाय.

यजमान पुढच्या शनिवारच्या प्रशिक्षणाला येतात म्हणालेत.